इन्सुलिन दाराशीच थांबतं

११ जानेवारी १९२२. कॉलेज स्ट्रीटवर ट्राम थांबते आणि तुम्ही खाली उतरता. टोरोंटोच्या जानेवारीत श्वास घेतला की नाकातला ओलावा गोठतो. मफलर वर ओढून तुम्ही टोरोंटो जनरल हॉस्पिटलच्या पायऱ्या चढता. कुणी अडवत नाही. तुम्ही कुणाला दिसत नाही, हा या प्रवासाचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की कितीही तोंडावर आलं तरी कुणाला काही सांगायचं नाही.

तोंडावर यायला फार वेळ लागत नाही. खाटेवर लेनर्ड थॉम्पसन पडलाय. वय १४, वजन ६५ पौंड, म्हणजे जेमतेम साडेएकोणतीस किलो. आपल्याकडे नऊ-दहा वर्षांचं पोर एवढं भरतं. केस विरळ झालेत, पोट तेवढं फुगलंय, आणि जवळ वाकलात तर श्वासाला गोडसर, उग्र वास येतो. तो ॲसिटोनचा वास. रक्तात साखर भरपूर आहे, पण शरीराला ती वापरता येत नाही, म्हणून ते चरबी जाळतंय. या काळात मधुमेहावर उपाय एकच: जवळजवळ उपाशी ठेवायचं. त्याने मरण थोडं पुढे ढकललं जातं, इतकंच.

आज त्याला टोचायचा आहे तो द्रव तुम्ही बघून घ्या. दाट, तपकिरी, गढूळ. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेला हा अर्क. साडेसात-साडेसात घनसेंटिमीटर दोन्ही कुल्ल्यांत. साखर थोडी उतरते, पण सुईच्या जागी गळू होतं, आणि डॉक्टर मंडळी थांबतात. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं, की बाबांनो, अर्क बरोबर आहे, फक्त स्वच्छ करा. पण नियम आठवा.

ते काम जेम्स कॉलिप करतो. अल्बर्टाहून आलेला हा जीवरसायनतज्ज्ञ अल्कोहोलचं प्रमाण वाढवत वाढवत अर्कातली बाकीची घाण खाली बसवतो आणि हवं तेवढं वेगळं काढतो. २३ जानेवारीला लेनर्डला पुन्हा टोचतात. चोवीस तासांत रक्तातली साखर आजच्या रिपोर्टच्या भाषेत ५२० वरून १२० वर येते. लघवीतले कीटोन जातात. पोरगं उठून बसतं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथून सरळ १९२३ च्या नोबेलवर आणि एका डॉलरला विद्यापीठाच्या हवाली केलेल्या पेटंटवर जातात. तो भाग तुम्हाला पाठ असेल. मला मात्र खाटेपाशी उभं असताना वेगळाच प्रश्न सुचतो. इन्सुलिन रक्तात आलं, ठीक. पण साखर तयार करून रक्तात सोडणारं यकृत पेशींचं बनलंय, आणि प्रत्येक पेशीभोवती चरबीचं पटल आहे. इन्सुलिन हे प्रथिन. ते पटल ओलांडून पलीकडे उतरू शकत नाही. पेशीची जनुकं तर आणखी आत, पेशीकेंद्रकात. मग बाहेर आलेल्या पाहुण्याची वर्दी आतल्या जनुकाला देतं कोण?

या खोलीत ते कुणाला ठाऊक नाही, आणि आज ठाऊक असण्याची गरजही नाही. गंमत अशी, की याचं बरंचसं उत्तर पुढे याच चौकातून दिसणाऱ्या एका इमारतीत हाती लागणार आहे. पण त्याआधी बासष्ट वर्षं पुढे आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर पश्चिमेला जाऊन यावं लागेल.

१९८४, व्हँकुव्हर. युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया शहराच्या पार पश्चिम टोकाला आहे, तीन बाजूंनी पाणी. पाऊस आहे, पण कोसळत नाही. दिवसभर नुसता भुरभुरतो. तुम्ही मायक्रोबायॉलॉजी विभागात शिरता. इथे टोनी पॉसन नावाचा इंग्लंडहून आलेला तिशीतला शास्त्रज्ञ काम करतो. त्याच्या वडिलांचं नावही टोनी पॉसनच. ऑक्सफर्डचे क्रिकेट कप्तान, केंटकडून खेळलेले, फुटबॉलमध्ये चार्ल्टन ॲथलेटिककडून उतरलेले, आणि याच १९८४ साली फ्लाय फिशिंगचे जगज्जेते. क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. असो.

मुलाच्या टेबलावर मासे नाहीत, कोंबडीचा एक विषाणू आहे. क्योटोच्या अकिरा फुजिनामींनी विसाव्या शतकाच्या आरंभी कोंबड्यांमधल्या गाठीतून शोधलेला. हा विषाणू कधीकाळी कोंबडीचंच एक जनुक उचलून घेऊन पळालाय, आणि त्या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीत घुसलं की पेशी कर्करोगाच्या वाटेला लागते. प्रथिनाचं काम माहीत आहे. ते किनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणारं. तेही टायरोसिन या एकाच अमिनो आम्लावर. साध्या पेशीतल्या फॉस्फेट लागलेल्या अमिनो आम्लांत टायरोसिन दोन हजारांत एखादं. इतकं कमी, की १९७९ पर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हा कॅलिफोर्नियात टोनी हंटर यांनी जुनं, आम्लता वाढलेलं द्रावण फेकून न देता वापरलं, म्हणून पट्टीवर टायरोसिनचा ठिपका शेजारच्या ठिपक्यापासून सुटा झाला आणि दिसला. नवं द्रावण केलं असतं, तर दोन्ही एकमेकांत मिसळून राहिले असते.

पॉसनबरोबर काम करणाऱ्या जेम्स स्टोनच्या खांद्यावरून बघा. त्याने विषाणूचं ते जनुक जागोजागी कापलंय आणि प्रत्येक कापात डीएनएच्या सहा अक्षरांचं एक ठिगळ बसवलंय. सहाच का? जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. सहा घातली की वाचन बिघडत नाही, प्रथिनात दोन अमिनो आम्लं जास्तीची येतात, एवढंच. डीएनएचे असे छोटे तुकडे हवे तसे जुळवून देणारे मायकल स्मिथ याच विद्यापीठात आहेत. १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळेल. आज मात्र या प्रयोगाच्या निबंधावर चार लेखकांतलं एक नाव म्हणून ते बसतील.

आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. बशीत उंदराच्या जातीच्या मोठ्या प्राण्याच्या, रॅटच्या, पेशी आहेत. धड प्रथिन मिळालेल्या बशीत पेशी एकमेकींवर चढल्यात, गोल झाल्यात, जागोजागी ढीग. शेजारची बशी: ठिगळ नेमकं किनेजच्या भागात बसलेलं. पेशी सपाट, शहाण्या, एकमेकींना खेटून एका थरात. हे अपेक्षितच, फॉस्फेट चिकटवणारा भागच मोडला, तर गाठ कुठून होणार? खरा पेच तिसऱ्या बशीत आहे. इथे ठिगळ किनेजच्या बाहेर, त्याच्या अलीकडच्या तुकड्यात बसलंय. किनेजला कुणी हात लावलेला नाही. तरीही पेशी बऱ्याचशा सपाट.

हा तुकडा स्वतः काहीच करत नाही. कशाला तोडत नाही, जोडत नाही, फॉस्फेट लावत नाही. मग तो बिघडल्यावर सगळं का अडतं? १९८६ मध्ये पॉसन, इव्हान सॅडोव्स्की आणि स्टोन लिहितात, की सुमारे शंभर अमिनो आम्लांचा हा भाग सार्क आणि एबल या दुसऱ्या दोन किनेजमध्येही मिळत्याजुळत्या रूपात सापडतो. त्याचं नाव पडतं एसएच२. नाव रुक्ष आहे, पण विचार रुक्ष नाही: प्रथिन म्हणजे एकसंध ऐवज नसून वेगवेगळ्या कामांचे तुकडे जोडून केलेली वस्तू आहे.

सॅडोव्स्कीचं पुढचं पाऊलही याच वाटेवर पडतं. तो हार्वर्डला मार्क टाश्ने यांच्याकडे जातो आणि १९८८ मध्ये यीस्टच्या गॅल४ या प्रथिनाचा डीएनए धरणारा तुकडा घेऊन त्याला हर्पिसच्या विषाणूतला, जनुक चालू करायला लावणारा तुकडा जोडतो. यीस्टचा आणि विषाणूचा काही संबंध नाही. तरी जोडलेलं प्रथिन सस्तन प्राण्यांच्या पेशीत जनुक असं काही पेटवतं, की निबंधाच्या शीर्षकातच त्याच्या जोराची नोंद होते. म्हणजे पटलापाशी निरोप घेणारी प्रथिनं असोत की केंद्रकात जनुक चालू करणारी, दोन्ही तुकड्यांचीच. एक तुकडा धरतो, दुसरा करतो. मला विचाराल तर या सगळ्या विषयात मनात ठेवण्याजोगं वाक्य एवढंच आहे, आणि पाठ्यपुस्तकं ते बाणांच्या आकृत्यांत हरवून टाकतात.

१९९०, पुन्हा टोरोंटो. पॉसन आता युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरच्या माउंट सायनाय हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेत आहे. खिडकीपाशी जा. रस्त्याच्या पलीकडे टोरोंटो जनरल. लेनर्डची खाट इथून चालत पाच-दहा मिनिटांवर होती.

चार अंशांच्या थंड खोलीत कुणाचं तरी काम चाललंय. तुम्हाला १९२२ चा मफलर इथेही उपयोगी पडतो. बॅक्टेरियाकडून नुसता एसएच२ चा तुकडा बनवून घेतलाय, बाकीचं प्रथिन नाहीच. तो बारीक मण्यांवर अडकवलाय. दोन नळ्या. एकीत साध्या पेशींचा लगदा ओतायचा, दुसरीत आधी वाढीचा घटक (ग्रोथ फॅक्टर) देऊन जाग्या केलेल्या पेशींचा. हलवायचं, धुवायचं, पुन्हा धुवायचं, आणि मण्यांना काय चिकटून राहिलं ते पट्टीवर बघायचं. अंधाऱ्या खोलीतून फिल्म बाहेर येते, टपटप थेंब गाळत. एका रांगेत काहीच नाही. दुसऱ्या रांगेत वर, जड प्रथिनांच्या जागी, काळा ठसठशीत पट्टा. तो रिसेप्टर आहे: वाढीचा घटक बाहेरून ज्याला धरतो ते पटलातलं प्रथिन. जागं होताना त्याने स्वतःच्याच टायरोसिनवर फॉस्फेट लावून घेतलं, आणि फॉस्फेट लागल्याबरोबर एसएच२ ने त्याला धरलं. फॉस्फेट नाही, तर ओळख नाही.

पंढरीच्या वाटेवर कपाळी बुक्का लागला, की माणूस कालचाच असला तरी दिंडीतले त्याला आपला म्हणून जवळ करतात. टायरोसिनवरच्या फॉस्फेटचं तसंच आहे. आणि एसएच२ नुसता बुक्का बघून भुलत नाही. त्याच्या एका खोबणीच्या तळाशी धनभाराचं आर्जिनिन असतं, ते ऋणभाराच्या फॉस्फेटला पकडतं. पण शेजारच्या दुसऱ्या खाचेत टायरोसिनच्या पुढची तीन-चार अमिनो आम्लंही बसावी लागतात. तिसऱ्या जागी मेथिओनिन असेल, तर पीआय३ किनेजचा एसएच२ येतो. दुसऱ्या जागी ॲस्परॅजिन असेल, तर ग्रब२ चा. माणसात असे एसएच२ सुमारे १२० आहेत, ११० च्या आसपास प्रथिनांत विखुरलेले. श्रेय एकट्या टोरोंटोचं नाही. न्यूयॉर्कला हिदेसाबुरो हानाफुसा यांची मंडळी त्याच सुमारास त्याच ठिकाणी पोचली होती. पॉसनला २००८ मध्ये क्योटो पारितोषिक मिळालं. फुजिनामींच्या कोंबड्या ज्या शहरातल्या, त्याच शहराचं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो साठाव्या वर्षी गेला.

आता तिसरा नियम: आकार सोडायचा. हे सगळं डोळ्यांत ठेवून तुम्ही २३ जानेवारी १९२२ ला परत या, आणि लेनर्डच्या यकृतातल्या एका पेशीच्या आत, पटलाला पाठ लावून उभे राहा.

पहिल्यांदा जाणवते ती गर्दी. पाण्यात प्रथिनं खच्चून भरलीत, आणि प्रत्येक जण दर क्षणी कुणाला तरी धडकतोय. कुठलीही वाट आखलेली नाही. कुणी कुठे निघालेलं नाही. मागे, केंद्रकात, फॉक्सओ१ नावाचं प्रथिन डीएनएला धरून बसलंय आणि साखर बनवायला लागणाऱ्या एन्झाइम्सची जनुकं चालू ठेवतंय. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन येता आणि रिपोर्टवर १४० दिसतं, तेव्हा तुम्ही विचारता ना, की रात्रीपासून पोटात काही नाही, मग साखर आली कुठून? ती इथून आली. लेनर्डच्या पोटात तर गेले कित्येक महिने धड काही पडलेलं नाही, आणि त्याचं यकृत साखर करतच सुटलंय, कारण थांब म्हणणारं कुणी आलेलं नाही.

पाठीमागे हालचाल होते. बाहेर इन्सुलिन पोचलंय. बैलाचं, माणसाच्या इन्सुलिनहून त्यात तीन अमिनो आम्लं वेगळी, पण रिसेप्टरला त्याचं काही वाटत नाही. इन्सुलिन बाहेरच्या बाजूला बसतं आणि रिसेप्टरचे दोन आतले पाय एकमेकांच्या जवळ येतात. एक दुसऱ्याच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावतो, दुसरा पहिल्याच्या. इन्सुलिनचं काम संपलं. ते आत उतरतच नाही. पुढे केव्हातरी पेशी त्याला रिसेप्टरसकट गिळून मोडून टाकेल.

मघापासून रिसेप्टरला धडकून परत जाणारं एक लांबलचक, लोंबतं प्रथिन, आयआरएस, आता तिथे अडकतं. त्याच्याही टायरोसिनांवर फॉस्फेट लागतात, एकावर नाही, पुष्कळांवर. आणि मग तो एसएच२ दिसतो. पीआय३ किनेजचा. इतका वेळ तोही याच गर्दीत होता, आयआरएसला शंभरदा आपटून गेला होता, पण धरण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. तो धरतो. कुणी हाक मारली नाही, कुणी निरोप घेऊन धावलं नाही. कोण कुणाला किती वेळ धरून राहतं, एवढंच बदललं. मात्र एसएच२ इथे अडकल्यामुळे त्याच्याबरोबरचा किनेज पटलाला खेटून राहतो, आणि त्याचं भक्ष्य पटलातच आहे. तो चरबीच्या एका रेणूवर जास्तीचा फॉस्फेट लावतो. त्या रेणूला धरणारा तुकडा एकेटी या प्रथिनात आहे; एकेटी येऊन पटलाला चिकटतं, तिथे त्याला जागं करणारं दुसरं किनेज भेटतं. इथपर्यंत सेकंदांचा हिशोब आहे, फार तर मिनिटांचा.

जागं झालेलं एकेटी पटल सोडतं. त्यातलं काही केंद्रकात शिरतं, आणि फॉक्सओ१ ला तीन ठिकाणी फॉस्फेट लावतं. आता या फॉस्फेटला ओळखणारं आणखी एक प्रथिन आहे, १४-३-३ नावाचं. नाव ठेवणाऱ्याला त्या दिवशी कंटाळा आला असावा. ते फॉक्सओ१ ला धरतं, आणि फॉक्सओ१ ची डीएनएवरची पकड सुटते. त्याला केंद्रकाबाहेर काढलं जातं आणि परत शिरू दिलं जात नाही. साखरेची जनुकं मंदावतात. आधी निघालेल्या आरएनएच्या प्रती विरतात, नव्या फारशा निघत नाहीत, आणि काही तासांत एन्झाइम्सही उतरू लागतात. तिकडे चरबीच्या पेशींत अशाच पकडापकडीने चरबी सोडणं थांबलंय, म्हणून कीटोन कमी होतायत. स्नायूंच्या पेशींत साखर आत घेणारी दारं पटलावर येतायत. वॉर्डातल्या नळीत जे ५२० चं १२० होणार आहे, ते असं होतंय.

सगळ्या निरोपांना एवढे थांबे लागत नाहीत. इंटरफेरॉनचा रस्ता याहून आखूड आहे. स्टॅट नावाच्या प्रथिनांत एसएच२ ही आहे आणि डीएनए धरणारा तुकडाही. दोन स्टॅट एकमेकांचं फॉस्फेट लागलेलं टायरोसिन एकमेकांच्या एसएच२ मध्ये अडकवतात, जोडीने केंद्रकात जातात आणि थेट जनुकावर बसतात. पटलापासून जनुकापर्यंत तीच जोडी. जीवसृष्टीत इतका सरळ कारभार क्वचितच बघायला मिळतो.

अजून निघू नका. एक गोष्ट बघायची राहिली. तुमच्या शेजारी, जवळच, आतल्या जाळीदार पटलाला बांधलेली फॉस्फटेज प्रथिनं आहेत. त्यांचा उद्योग टायरोसिनवरचे फॉस्फेट खुडून टाकण्याचा. ती आत्ताही खुडतायत, रिसेप्टर लावतोय आणि ती काढतायत. बाहेर इन्सुलिन भरपूर आहे तोवर लावणारा पुढे. ते विरळ झालं, की आयआरएस कोरा होतो, एसएच२ ची पकड सुटते, पीआय३ किनेज पुन्हा गर्दीत मिसळतो. फॉक्सओ१ वरचे फॉस्फेटही निघतात आणि ते केंद्रकात परत जाऊन त्याच जनुकांवर बसतं. ज्यांचं यकृत इन्सुलिनला दाद देत नाही, त्यांच्या पेशीत इन्सुलिन बाहेर भरपूर असूनही हे परतणं आधीच होतं, किंवा फॉक्सओ१ नीट बाहेर पडतच नाही. औषध कंपन्यांनी खुडणाऱ्या फॉस्फटेजला अडवून बघण्यासाठी वर्षानुवर्षं घालवली. अडचण साधी आहे: फॉस्फेटची जागा घ्यायची तर औषधावरही भरपूर ऋणभार लागतो, आणि तसा भार असलेला रेणू चरबीचं पटल ओलांडत नाही. म्हणजे इन्सुलिनसारखंच तेही बाहेर अडकून पडतं, फक्त त्याला रिसेप्टर नाही.

लेनर्डच्या पेशीत काही तासांनी खुडणारे पुढे जातात. साखर पुन्हा चढू लागते. वॉर्डात कॉलिपच्या अर्काची पुढची मात्रा भरली जाते, आणि त्यानंतरची. इन्सुलिनच्या जोरावर लेनर्ड आणखी तेरा वर्षं जगतो.